रमजानची यादी आणि भिशीचे पैसे

फेब्रुवारीतल्या सोलापुरात सकाळी आठ-साडेआठला ऊन अजून सोसवते. त्याच वेळी दोघीजणी मोठ्या दुकानाच्या दारात ट्रॉली ओढून घेतात. एकीच्या हातात मुलीची अर्धी कोरी राहिलेली शाळेची वही, दुसरीच्या पिशवीत चष्मा आणि पाण्याची बाटली. रमजानचा चंद्र दिसायला अजून आठवडा आहे. दुकान नुकतेच उघडलेले आहे आणि फरशी पुसणारा मुलगा अजून आतच आहे.

वहीवाल्या बाईंना गल्लीत सगळे ‘भाभी’ म्हणतात. त्या घरी फॉल-पिकोचे आणि ब्लाउज शिवायचे काम करतात. त्यांचे पती यंत्रमागावर टॉवेल विणतात. चष्मेवाल्या बाई म्हणजे समोरच्या घरातल्या ‘काकू’. पद्मशाली समाजातल्या, तीस वर्षे विड्या वळत आलेल्या. भाभींच्या वहीत एका घराची यादी नाही, नऊ घरांची आहे. त्यातल्या सहा घरांत रोजे आहेत, तीन घरांत होळी आणि पाडवा. यादी मात्र एकच, आणि ती वाचताना कोणती ओळ कोणत्या घराची हे ओळखू येत नाही. हरभराडाळ, साखर, तेल, मैदा, रवा, चहा, कपडे धुण्याचा साबण. पुरणालाही हरभराडाळ लागते आणि भज्यांच्या बेसनालाही. सरबतालाही साखर लागते आणि पोळीसोबतच्या कटाच्या आमटीतही चिमूटभर पडतेच, असे काकूंचे म्हणणे.

दोन्हीकडची खरेदी एकाच महिन्यात यावी, याचे कारण आकाशात आहे. गुढीपाडवा फाल्गुनी अमावास्येनंतरच्या प्रतिपदेला येतो. ईद येते त्याच अमावास्येनंतर चंद्रकोर डोळ्यांना दिसली की दुसऱ्या दिवशी. गेल्या वर्षी ३० मार्चला पाडवा झाला आणि ३१ मार्चला ईद. यंदा पाडवा १९ मार्चला आहे आणि ईद चंद्रावर अवलंबून २० किंवा २१ ला. त्याआधी मार्चच्या पहिल्याच आठवड्यात होळी. म्हणून या दिवसांत डाळ-साखरेच्या रांगेत बुरखे आणि नऊवारी शेजारीशेजारी उभे असतात. दुकानदारांनाही ते ठाऊक असते. डाळ, साखर आणि तेलाच्या थप्प्या आधीच दाराजवळ येऊन बसतात.

भाभी आणि काकू त्या थप्प्यांपाशी थांबत नाहीत. आधी एक फेरी नुसती मारायची, भाव वहीत लिहायचे आणि मग उचलायचे, अशी त्यांची पद्धत आहे.

स्वस्ताई कुठून येते

पाकिटावर छापलेल्या किमतीपेक्षा कमी पैशांत माल मिळतो, हे आता लहान मुलालाही माहीत आहे. तो कसा परवडतो, हे फारसे कोणी विचारत नाही. अशा दुकानांतले महाराष्ट्रात सर्वांत ओळखीचे नाव डी-मार्टचे. शेअर बाजारातले नामवंत गुंतवणूकदार राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये मुंबईत पवईला त्याचे पहिले दुकान उघडले. त्याआधी त्यांनी नवी मुंबईत नेरूळला ‘अपना बाजार’ची शाखा चालवायला घेतली होती. अपना बाजार म्हणजे १९४८ साली मुंबईच्या नायगावात, कामगारांच्या वस्तीत उभी राहिलेली सहकारी चळवळ. म्हणजे आजच्या बड्या कंपनीने किराण्याची बाराखडी गिरवली ती एका सहकारी भांडाराच्या गल्ल्यावर. २०१७ च्या मार्चमध्ये ही कंपनी शेअर बाजारात उतरली. आता लहान शहरांतही तिच्या नावाची पाटी दिसते.

या धंद्याचे गणित अवघड नाही. बहुतेक दुकानांची जागा स्वतःची, त्यामुळे दरमहा भाडे नाही. पुरवठादाराचे पैसे महिना-दोन महिने न अडकवता काही दिवसांत चुकते करायचे आणि त्या बदल्यात त्याच्याकडून जास्त सूट घ्यायची. एकाच वस्तूचे पंधरा प्रकार न ठेवता खपणारे चार ठेवायचे. सजावट नाही, माल लवकर निघतो, गोदामात पडून राहत नाही. किराण्यावर नफा थोडा घ्यायचा. कपडे, भांडी, प्लास्टिकच्या बादल्या यांवर त्याहून बरा मिळतो. म्हणूनच साखर घ्यायला गेलेला माणूस उशीचा अभ्रा घेऊन परततो.

थोडक्यात, ही स्वस्ताई हातात रोकड असणाऱ्याची आहे. कंपनीकडे रोकड आहे म्हणून तिला माल स्वस्त मिळतो. तिचे गिऱ्हाईकही तेच, ज्याच्या खिशात एका वेळी महिन्याचे पैसे आहेत. ज्याचा पगार आठवड्याला होतो आणि आठवड्याला संपतो, त्याला पाच किलोच्या पाकिटावरच्या सुटीचा काय उपयोग? तो पाव किलो घेतो, दहा रुपयांची पुडी घेतो आणि वर्षभरात त्याच मालाला श्रीमंतापेक्षा जास्त पैसे मोजतो. गरिबाला महागाईच महाग पडते असे नाही, त्याला स्वस्ताईही परवडत नाही.

उधारीचे वर्ष

भाभींच्या घराने हे भोगले आहे. रमजानमध्ये खर्च वाढतो आणि नेमकी त्याच महिन्यात मागावरची कमाई घटते. रोजा ठेवून उन्हाळ्यात दोन पाळ्या ओढणे माणसाला झेपत नाही. तीन वर्षांपूर्वी अशा महिन्यात गल्लीच्या तोंडावरच्या किराणा दुकानातले खाते फुगत गेले. रोज संध्याकाळी असरच्या नमाजनंतर मुलगा धावत जायचा: अर्धा लिटर तेल, पाव किलो बेसन, साखर, सरबताची बाटली. ‘खात्यावर लिवा’ म्हटले की काम झाले. चाँदरातीला हिशेब निघाला तेव्हा तो भाभींच्या दोन महिन्यांच्या शिवणकामाहून मोठा होता. ईदचे कपडे झाले, पण मुलीच्या शिकवणीचे पैसे राहिले. ती उधारी फिटायला दिवाळी उजाडली.

त्या सहा महिन्यांत भाभींनी दुकानावरून जायचे सोडले होते. बसस्टॉपला जायला मागच्या बोळातून वळसा घालायच्या. दुकानदार लिंगायत, वयस्कर. सगळी गल्ली त्यांना ‘अप्पा’ म्हणते. भाभींच्या सासूबाईंचे खातेही त्यांच्याकडेच होते, म्हणून ते भाभींना ‘सूनबाई’ म्हणतात. अप्पांनी एकदाही तगादा लावला नाही. भाभींना त्याचीच जास्त लाज वाटायची.

भिशीची कल्पना काकूंची. विड्या वळणाऱ्या बायकांमध्ये भिशी जुनीच. दर महिन्याला एकीचा नंबर लागतो आणि ती रक्कम घेऊन जाते. काकूंनी सुचवले की ही भिशी नंबराची नको, सणाची करू. बकरी ईद झाली की सुरू करायची, शब-ए-बरातनंतर फोडायची. मध्ये कोणी मागायची नाही, लग्न निघाले तरी नाही. आठवड्याला दीडशे रुपये. नऊ बायका. गेल्या जूनमधल्या बकरी ईदपासून या फेब्रुवारीपर्यंत पस्तीस आठवडे झाले. प्रत्येकीचे सव्वापाच हजार, सगळ्यांचे मिळून ४७,२५० रुपये. पैसे बँकेत, पासबुक काकूंकडे, वही भाभींकडे. दोघींपैकी एकीवर सगळा भार नको म्हणून अशी विभागणी.

मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून याच वाटेने चालते. शेजारपाजारच्या कुटुंबांचा संघ, महिन्याची एकत्र मागणी, घाऊक खरेदी आणि कोणाच्या तरी घरी वाटप. सोलापूरच्या या गल्लीत ते नाव कोणी ऐकलेले नाही. गरज सारखी असली की माणसे त्याच युक्तीपर्यंत आपापल्या रस्त्याने पोचतात.

वहीतली गणिते

ट्रॉली तेलापाशी थांबली की वहीची खरी परीक्षा होते. तेलाच्या पिशव्या रांगेने मांडलेल्या असतात, सगळ्या सारख्याच फुगीर. एकीवर १ लिटर लिहिलेले, दुसरीवर ९१० ग्रॅम, तिसरीवर ८५० ग्रॅम, तर एखादीवर त्याहूनही कमी. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते, म्हणजे पहिल्या दोन पिशव्या एकच. तिसरीत मात्र साठ ग्रॅम कमी. समजा ८५० ग्रॅमची पिशवी १४० रुपयांना आहे आणि ९१० ग्रॅमची १४६ रुपयांना. डोळ्यांना पहिली सहा रुपयांनी स्वस्त दिसते. किलोचा भाव काढला तर ती १६४ रुपयांच्या वर जाते आणि दुसरी १६० च्या आसपास राहते. पंचवीस-तीस पिशव्या घ्यायच्या असतील तर हा फरक दिसू लागतो.

आता पाकिटांवर एकक किंमतही छापलेली असते. ग्राहकाच्या हाताशी आलेली ही चांगली सोय आहे, फक्त तिच्यात दोन खाचखळगे आहेत. एक किलोहून कमी वजनाच्या पाकिटावर ती ग्रॅमच्या हिशेबाने असते आणि जास्त वजनाच्या पाकिटावर किलोच्या. एका पाकिटावर ०.१९ आणि दुसऱ्यावर १८४ असे दिसले की माणूस गोंधळतो. ग्रॅमचा आकडा हजाराने गुणला की दोन्ही एका मापात येतात. दुसरी गोष्ट, ही किंमत एमआरपीवर काढलेली असते. दुकानाने दिलेली सूट तिच्यात धरलेली नसते. म्हणून सुटीनंतरचा भाव घेऊन गणित पुन्हा करावे लागते. भाभींच्या घरात ते काम बारावीतल्या मुलीचे. यंदा परीक्षेमुळे ती आलेली नाही, तर दोघी मोबाइलवर आकडे दाबतात आणि एकमेकींचे उत्तर तपासतात.

मोठे पाकीट नेहमी स्वस्त असते, हाही एक समज. बहुतेक वेळा ते खरे ठरते, नेहमी नाही. लहान दोन पाकिटांवर योजना चालू असली की मोठे महाग पडते. ‘दोनावर एक मोफत’ असेल तर आधी विचारायचे की एकाची गरज होती का. दुकानाने स्वतःच्या नावाने भरलेल्या पिशवीतली साखर आणि डाळ जाहिरातीच्या कंपन्यांपेक्षा स्वस्त असते, कारण तिच्या दरात जाहिरातीचा खर्च नाही. चहा मात्र सगळ्यांना आपापल्या चवीचाच हवा. तिथे नऊ घरांचे चार तट पडतात आणि भाभी निमूटपणे चार प्रकारचे पुडे उचलतात.

करांतला फरकही वहीत आहे. गेल्या २२ सप्टेंबरपासून तूप आणि बदाम-पिस्त्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. अंगाचा साबण, टूथपेस्ट आणि बिस्किटांवरचा १८ वरून ५ वर. म्हणजे शीरखुर्म्याच्या सामानाला यंदा थोडा हात सैल ठेवता येईल. जुन्या छपाईचे पाकीट हाती आले तर त्यावरचे नवे किमतीचे लेबल पाहून घ्यायचे. बिलावर जास्त लागलेले दिसले तर काउंटरवरच बोलायचे, आणि तिथे ऐकले नाही तर ग्राहकांसाठीचा १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. भाभींनी तो वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला आहे. अजून लावायची वेळ आलेली नाही.

जे तिथून घ्यायचे नाही

या दोघींच्या ट्रॉलीत तांदूळ नाही, ज्वारी नाही, खजूर नाही.

तांदळाची गोष्ट कराची आहे. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठावर ५ टक्के जीएसटी आहे, तो २५ किलोपर्यंतच्या पाकिटावर. त्याहून मोठ्या गोणीला तो लागत नाही आणि पोत्यातून सुटे मोजून दिलेल्या मालालाही नाही. म्हणून नऊ घरांचा तांदूळ मार्केट यार्डातल्या घाऊक व्यापाऱ्याकडून ३० किलोच्या गोण्यांनी येतो. समजा गोणी १८०० रुपयांना पडली, तर पाच टक्क्यांचे ९० रुपये एकेका गोणीमागे वाचले. एकट्या घराला ३० किलो घेणे जड जाते, नऊ घरांना नाही.

ज्वारी ही तर सोलापूरकरांची घरची. मंगळवेढ्याची मालदांडी याच दिवसांत काढणीला येते. सहरीला पराठे खाल्ले की दुपारपर्यंत तहान छळते. भाकरी, दही आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली की पोट शांत राहते, असा इथल्या जुन्या रोजेदारांचा अनुभव. ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाची ज्वारी भरून ठेवणे हीच खरे तर आपल्याकडची मूळ घाऊक खरेदी. पाकिटे नंतर आली.

खजूर विजापूर वेशीतून. रमजानमध्ये तिथला मीना बाजार भरला की हातगाड्यांवर अजवा, कलमी, मबरूमपासून साध्या सुट्या खजुरापर्यंत सगळे मिळते. चाखून घेता येते, भाव करता येतो. मऊ किमिया खजुराचा डबा मात्र थंड कपाटातला घ्यावा, तो उन्हात ठेवायचा माल नाही. इफ्तारची फळे आणि कोथिंबीर-पुदिना लक्ष्मी मंडईतून, तेही रोजचे रोज आणि मोजके.

आणि हरभराडाळ अर्धी अप्पांकडून.

अप्पांचे म्हणणे

भिशी सुरू झाल्यावर पहिल्या वर्षी भाभींनी सगळाच किराणा मोठ्या दुकानातून आणला होता. रिक्षातून पिशव्या उतरल्या त्या अप्पांच्या दुकानासमोरच, कारण रिक्षा बोळात शिरत नाही. अप्पा काही बोलले नाहीत. पंधराव्या रोज्याला बेसन संपले. भाभी स्वतः गेल्या.

“अर्धा किलो बेसन द्या अप्पा. पैसे आणलेत.”

अप्पांनी बेसन मोजले, पुडी बांधली. मग म्हणाले, “सूनबाई, एक सांगतो, राग मानू नका. रोखीचा माल तिकडनं आणि उधारीचा माझ्याकडनं, असं झालंय बघा सगळ्या गल्लीचं. उधारीवर दुकान किती दिवस चालंल?”

भाभी म्हणाल्या, “तुमच्या उधारीनंच आमची इज्जत राखली अप्पा, मी विसरले नाही. पण तेलात केवढा फरक पडतो, तुम्हीच सांगा.”

अप्पा हसले. “मला काय सांगता? साबण आणि तेल मीबी तिकडनंच आणतो. एजन्सीवाला देतो त्यापेक्षा तिथं स्वस्त पडतंय. एका बिलावर जास्त देत न्हाईत, म्हणून पोरगा दोनदा जातो.”

ही गंमत एका अप्पांची नाही. गावोगावचे लहान दुकानदार मोठ्या दुकानातून माल उचलून आपल्या फळीवर मांडतात. घाऊक आणि किरकोळ यांच्यातली जुनी उतरंड अशी उलटी झाली आहे. तेल-साबणात अप्पा त्या दुकानाला कधीच गाठू शकणार नाहीत. सुट्या डाळीत मात्र गाठू शकतात. पोत्यातून मोजलेल्या डाळीवर कर नाही, पाकिटाचा खर्च नाही आणि खडे-कचरा निघाला तर अप्पा डाळ परत घेतात. त्या दिवसानंतर भिशीच्या वहीत ‘अप्पा’ असा वेगळा रकाना आला. हरभराडाळ, शेंगदाणे, गूळ, खडा मसाला आणि शेवया अप्पांकडून, रोखीने, आणि पैसे महिन्याच्या आधी. आगाऊ पैसे मिळाल्यावर अप्पांनाही घाऊक बाजारात थोडी सूट मिळते. ती ते डाळीच्या भावात देतात.

सगळेच अप्पांकडून घेतले असते तर महिन्याला किती जास्त पडले असते, हे भाभींनी काढून पाहिले आहे. आकडा लहान नव्हता. शेजाऱ्याचे दुकान जगवायचे आणि मुलीची फीही भरायची, तर दोन्हीकडे थोडे थोडे घेणे एवढेच त्यांच्या हातात होते. याला कोणी अर्धवटपणा म्हणावे, कोणी शहाणपण. मोठ्या दुकानाच्या दारातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक मध्यमवर्गीय घरांनी तेवढाही विचार केलेला नसतो. मध्यरात्री सहरीच्या आधी दूध फाटले की मात्र सगळ्यांना गल्लीतलेच दुकान आठवते.

रिकाम्या पोटाची खरेदी

दोघी सकाळी येतात, आणि तेही रमजान लागण्याआधी, त्याला कारण आहे. पहिल्या वर्षी भाभी रोज्यात दुपारी चारला धाकट्याला घेऊन आल्या होत्या. त्या वेळी रोजेदाराला सगळेच हवे असते. गोठवलेले समोसे, तयार पराठे, दोन रंगांची सरबते, कस्टर्डची पूड, मुलासाठी चॉकलेटचे बिस्कीट. “अम्मी, ये बी लो ना,” हे वाक्य ट्रॉलीच्या चाकांसारखे सतत चालू होते. बिल यादीच्या दीडपट झाले, आणि मगरिबला दोन खजूर आणि ग्लासभर पाणी पोटात गेल्यावर त्यातले निम्मे कोणाला नको होते. आता नियम ठरला आहे: रमजानची मोठी खरेदी शाबानमध्ये, आणि मध्ये जायचेच झाले तर सकाळी किंवा तरावीहनंतर, लहान मुलांशिवाय. वरच्या मजल्यावर, जिथे कपडे आणि भांडी असतात, तिथे जायचेच नाही. काकू यात भाभींपेक्षा कडक आहेत. यंदा भाभींनी जिन्याकडे नुसते पाहिले, तर काकू म्हणाल्या, “भाभी, बादली घरात आहे.”

तरीही दुकानात जे वाचते त्याहून जास्त कढईत वाचते. रमजानच्या तेलाचा हिशेब भाभींनी पहिल्यांदा लिहिला तेव्हा त्यांचा स्वतःचाच विश्वास बसला नाही. रोज भजी, रोज समोसे, आणि दस्तरखानावर उरलेले दुसऱ्या दिवशी कोणी खात नाही. अन्न वाया घालवणे, म्हणजे इस्राफ, इस्लामला मंजूर नाही, हे प्रत्येक घरात माहीत असते. उपवासाच्या महिन्यातच ते सर्वांत जास्त विसरले जाते. भाभींच्या घरी आता तळण एक दिवसाआड असते. मधल्या दिवशी कांदा-लिंबू घातलेले उकडलेले चणे, कलिंगड आणि सरबत. पहिले तीन दिवस मुलांनी तोंडे वाकडी केली. चौथ्या दिवशी चणे कमी पडले. तेलाच्या पिशव्या त्या महिन्यात पहिल्यांदाच शिल्लक राहिल्या.

सरबताबद्दल तडजोड नाही. रूह अफजाची बाटली प्रत्येक घराला एक, हे यादीत सगळ्यात वर आहे. पाडव्याच्या तीन घरांनीही ती मागून घेतली आहे.

वाटप

बिल झाले, कागद वहीत ठेवला गेला. जाताना दोघी शेअर रिक्षाने आल्या होत्या, परतीला मात्र पूर्ण रिक्षा करावी लागली. ते भाडेही नवांत वाटले जाते. एकटीने खरेदी केली असती तर वाचलेल्या पैशांतला बराच वाटा रिक्षावाल्यालाच गेला असता.

दुपारी काकूंच्या अंगणात चटई अंथरली गेली. यार्डातून तांदळाच्या गोण्या आधीच आल्या होत्या. अप्पांच्या पोराने डाळ आणि शेंगदाणे आणून दिले, आणि सोबत तराजूही, कारण दरवर्षी वाटपाला तो लागतो. गोणीचे तोंड सोडून भाभींनी आधी गोणीच वजनाला लावली. तीस किलो भरली. मग नऊ पिशव्या, नऊ नावे. कोणाची माणसे जास्त, कोणाची कमी, त्याप्रमाणे वाटे वहीत आधीच ठरलेले. एका घरात यंदा वडील गेले, तिथे दोन किलो जास्त घालायचे असे काकूंनी हळूच सांगितले आणि वहीत काही न लिहिता ते घातले गेले.

सगळे वाटून ११४० रुपये उरले. त्याचे काय करायचे यावर चर्चा झाली. एकीचे म्हणणे होते, पुढच्या भिशीत टाका. दुसरी म्हणाली, ईदच्या नमाजआधी फितरा द्यायचाच आहे, त्यात मिळवा. पाडव्यावाल्या घरांचे पैसे फितऱ्यात कसे घालायचे, असे भाभी म्हणाल्या. काकू चष्मा पुसत म्हणाल्या, “घाला की. कुणाच्या घरी धान्य जाणार, हेच ना?” शेवटी निम्मे तिकडे, निम्मे पुढच्या वर्षाच्या खात्यात असे ठरले.

मग विषय पुढच्या वर्षाचा निघाला. यंदा ज्येष्ठात अधिक मास आहे. त्यामुळे पुढच्या वर्षी पाडवा ७ एप्रिलला येईल आणि ईद मात्र मार्चच्या दहा तारखेच्या आसपास. तीन वर्षे एका अमावास्येला चिकटून आलेले सण जवळजवळ महिनाभराने दुरावणार. काकूंनी कालनिर्णय उतरवून अंगणात आणले होते, पण त्यात पुढचे वर्ष नव्हते. तारखा भाभींच्या मुलीने मोबाइलवर काढून दिल्या.

“मग भिशी फोडायची कधी?” एकीने विचारले. “तुमच्या वेळेला की आमच्या?”

“तुमच्या वेळेला फोडू,” काकू म्हणाल्या. “डाळ महिनाभर टिकते.”

“गूळ नाही टिकत उन्हात,” भाभी म्हणाल्या. “पाझरतो.”

गुळाचे पैसे वेगळे काढून अप्पांकडे ठेवावेत का, यावर अजून एकमत झालेले नाही. अप्पांचा पोरगा तराजू घ्यायला दारात उभा होता.